ना हरकत दाखला : वांग झिझी ते यांग हानसेन

मित्रहो,

25 जून 2025 च्या रात्री न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीचा सोहळा, चालू होता. सोळाव्या क्रमांकाला नाव पुकारले गेले ते यांग हानसेनचे. मुलगा शांडोंग प्रांतातल्या झिबो शहरचा, चिंगदाओच्या क्लबकडून खेळणारा, सात फुटांहून उंच. दुसऱ्याच दिवशी त्याला वीस वर्षे पूर्ण होणार होती. बहुतेक जाणकारांनी त्याला दुसऱ्या फेरीत धरले होते. पोर्टलंडच्या संघाने मात्र आपला अकरावा क्रमांक मेम्फिसला दिला, बदल्यात पुढच्या काळातले काही हक्क घेतले, आणि पाच पायऱ्या खाली उतरून याच मुलाला उचलले. वर्तमानपत्रांनी ही बातमी नशीब उजळल्याच्या थाटात दिली. माझ्या मते तिचा खरा अर्थ वेगळा आहे. चिनी खेळाडू परदेशात व्यावसायिक म्हणून खेळायला निघतो तेव्हा त्याची उंची आणि त्याचा हात ही अर्धीच गोष्ट असते. उरलेली अर्धी एका कागदाची. देश बदलून खेळायचे तर मायदेशाच्या महासंघाचे मोकळीकपत्र लागते. आपण कचेरीत ज्याला ना हरकत दाखला म्हणतो, तोच हा प्रकार. हा दाखला कोण देतो, कशाच्या बदल्यात देतो आणि कधी अडवतो, हे पाहिले की यांगपर्यंतचा सारा रस्ता दिसू लागतो.

आधी हा खेळाडू घडतो कसा ते पाहू. चीनमध्ये सरकारी क्रीडाशाळांची जुनी आणि पक्की व्यवस्था आहे. मुलाची उंची वर्गातल्या इतरांपेक्षा वीतभर जास्त दिसली की शिक्षकाची नजर त्याच्यावर जाते, आई-वडिलांची उंची विचारली जाते, आणि पुष्कळदा मनगटाचा एक्स-रे काढला जातो. हाडांच्या टोकांशी वाढीची जी कूर्चा असते ती अजून किती मोकळी आहे, हे त्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर पाहून मूल आणखी किती वाढेल याचा अंदाज बांधतात. नऊ-दहा वर्षांच्या पोराचा हात त्या काचेवर ठेवलेला असताना त्याला बास्केटबॉल आवडतो की नाही, हा प्रश्न बहुधा कोणाच्या मनात नसतो. राहणे, जेवणे, प्रशिक्षण या सगळ्याचा खर्च व्यवस्था करते. म्हणून पुढे हा खेळाडू कोणाचा, या प्रश्नाचे उत्तरही तिने आधीच ठरवून ठेवलेले असते.

वांग झिझीला हे सर्वात आधी कळले. तो बायी संघाचा खेळाडू होता, आणि बायी हा तेव्हा चिनी लष्कराचा संघ होता. आपल्याकडे सेनादलाचा संघ असतो तसा. फरक इतकाच की चीनच्या लीगमध्ये वर्षानुवर्षे विजेतेपद या संघाकडेच जात होते. 1999 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने छत्तिसाव्या क्रमांकावर वांगची निवड केली, तेव्हा बायीने त्याला सोडले नाही. लष्कराच्या सेवेतला माणूस अमेरिकेत पगारावर खेळणार ही कल्पनाच वरिष्ठांच्या पचनी पडायला जवळजवळ दोन वर्षे लागली. अखेर तो गेला, आणि मुहूर्त कसा लागला पाहा. 1 एप्रिल 2001 रोजी हायनान बेटाजवळ अमेरिकेचे टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान यांची टक्कर झाली, चिनी वैमानिक मरण पावला, आणि अमेरिकी विमानाचे चोवीस कर्मचारी चीनच्या ताब्यात गेले. ते अजून हायनानमध्येच अडकलेले असताना, 5 एप्रिलला, वांग डॅलसच्या गणवेशात मैदानावर उतरला. एनबीएत खेळलेला तो पहिला चिनी. (बायका या बाबतीत पुढे होत्या. झेंग हायश्या 1997 मध्येच लॉस एंजेलिसकडून महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळून आली होती. हे सांगायला आपण नेहमी विसरतो.)

पुढच्याच वर्षी वांगचे बिनसले. 2002 च्या उन्हाळ्यात राष्ट्रीय संघाच्या सरावासाठी परत ये, असा निरोप आला. वांगला अमेरिकेतच राहून खेळ सुधारायचा होता. तो परतला नाही, आणि त्याला राष्ट्रीय संघातून काढून टाकण्यात आले. त्यानंतर लॉस एंजेलिस क्लिपर्स, मग मायामी. खेळ मात्र बाकावर बसूनच जास्त झाला. एप्रिल 2006 मध्ये तो मायदेशी परतला, जाहीर माफी मागितली, आणि त्याच वर्षी दोहाच्या आशियाई स्पर्धेत चीनच्या सुवर्णपदक विजेत्या संघात खेळला. त्याला कोणी देशद्रोही म्हटले, कोणी बंडखोर. मला तो एवढेच वाटतो की ज्या वयात रोज मैदानावर असायला हवे, त्या वयातली चार वर्षे त्याने दोन घरांच्या उंबरठ्यावर घालवली.

वांगच्या या प्रकरणाची किंमत त्याच्या मागून आलेल्या याओ मिंगलाही मोजावी लागली. याओचे आई-वडील दोघेही बास्केटबॉलपटू, आई फांग फेंगदी तर राष्ट्रीय महिला संघाची कर्णधार. 2002 मध्ये त्याच्या शांघाय शार्क्स संघाने बायीला हरवून विजेतेपद मिळवले, आणि याओ जगाच्या नजरेत भरला. पण वांगचे प्रकरण ताजे होते, आणि महासंघाला पुन्हा हात पोळून घ्यायचे नव्हते. देशाने बोलावले की यायचे, उत्पन्नातला वाटा द्यायचा, अशा अटींवर बोलणी ड्राफ्टच्या दिवसापर्यंत ताणली गेली. ह्यूस्टन रॉकेट्सने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले तेव्हा याओ न्यूयॉर्कमध्ये नव्हताच, बीजिंगमध्ये दूरचित्रवाणीपुढे बसला होता. 30 ऑक्टोबर 2002 ला इंडियानापोलिसच्या पहिल्या सामन्यात त्याच्या नावावर एकही गुण लागला नाही. मग 17 नोव्हेंबरला लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्ध त्याने नऊपैकी नऊ फेकी बास्केटमध्ये टाकल्या आणि वीस गुण केले.

मैदानाबाहेरचा एक प्रसंग मला त्याहून बोलका वाटतो. डिसेंबरात तो मायामीत पहिल्यांदा खेळायला गेला, तेव्हा यजमानांनी प्रेक्षकांना आत भविष्याची चिठ्ठी घातलेली आठ हजार बिस्किटे वाटली. अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांत जेवणानंतर ती हटकून देतात, म्हणून हा चिनी पाहुणचार. वाद झाला, पण याओ रागावला नाही. त्या बिस्किटांशी त्याचा संबंधच नव्हता, कारण चीनमध्ये ती कोणी खात नाही. त्याची आई मात्र ह्यूस्टनमध्ये येऊन राहिली होती आणि त्याला घरचे जेवण मिळत होते. परक्या देशात टिकायला हा आधार किती मोठा असतो, हे घर सोडून शिकायला गेलेल्या कोणालाही विचारा.

याओनंतरची गोष्ट भरभर सांगतो. 2007 मध्ये मिलवॉकीने यी ज्यानल्यानला सहाव्या क्रमांकावर घेतले, तर त्याच्या ग्वांगडोंगच्या क्लबला ते शहरच पसंत पडेना, आणि ऑगस्ट संपत येईपर्यंत करार लटकला. निवडीआधीच्या सरावात प्रतिस्पर्धी म्हणून यीसमोर खुर्ची ठेवली होती, हा किस्सा अमेरिकी पत्रकार आजही चवीने सांगतात. झोऊ ची 2016 मध्ये त्रेचाळिसाव्या क्रमांकावर निवडला गेला, पुढच्या वर्षी ह्यूस्टनला पोहोचला आणि 2018 सरताना मोकळा झाला. त्याच्या निवडीच्या आदल्या वर्षी, 2015 मध्ये, याच बार्कलेज सेंटरमध्ये, 25 जूनलाच, बावन्नाव्या क्रमांकावर डॅलसने आपल्या पंजाबच्या सतनाम सिंग भामराला घेतले होते. सतनामला एनबीएचा एकही सामना मिळाला नाही. त्याच्या मागे त्याला अडवणारी व्यवस्था नव्हती, तशी घडवणारीही नव्हती.

आता पुन्हा यांगकडे येऊ. 2023 मध्ये हंगेरीतल्या देब्रेत्सेनला एकोणीस वर्षांखालील विश्वचषक झाला, तिथे हा मुलगा पहिल्यांदा नजरेत भरला. बास्केटखाली उभे राहून हात वर करणारे उंच सेंटर चीनने पुष्कळ पाहिले होते. यांग चेंडू हातात आला की पाठीमागून पळणारा साथीदार कुठे आहे हे न बघता ओळखतो, म्हणून त्याची तुलना एनबीएत अशाच पाससाठी नावाजलेल्या सर्बियाच्या निकोला योकिचशी होऊ लागली. ती तुलना मला घाईची वाटते, पण कशावरून सुचली ते कळते. जुलै 2025 मध्ये लास व्हेगासच्या उन्हाळी लीगमधल्या पहिल्या सामन्यात त्याने दहा गुण केले आणि पाच बास्केट साथीदारांना करून दिल्या. या वेळी छावणीतून सुटका नव्हती, बीजिंगमधली रात्रभराची बोलणी नव्हती. क्लबशी व्यवहार झाला, आणि मुलगा पोर्टलंडला गेला.

तिथे गेल्यावर हंगामाच्या सुरुवातीच्या महिन्यांत त्याला मुख्य संघात मोजकीच मिनिटे मिळाली, आणि सामन्यांचा सराव व्हावा म्हणून त्याला रिप सिटी रिमिक्स या पोर्टलंडच्याच दुय्यम संघात पाठवण्यात आले. त्याच्यापेक्षा बुटके पण चपळ खेळाडू त्याला बास्केटपासून लांब ओढून नेतात आणि मग त्याच्या बाजूने निसटतात. वांगला अडवणारा कागद लष्कराच्या कचेरीत पडून होता. यांगला मिनिटे किती द्यायची हे आता पोर्टलंडचा प्रशिक्षक ठरवतो, ते त्याच्या पायांकडे बघून.