अ‍ॅटनबरो: दुर्मीळ आडनावाची गोष्ट

(दृश्य: तळी, बदकं, मागे चर्चचा मनोरा)

इंग्लंडच्या मध्यभागी, नॉटिंगहॅम शहराजवळ, ट्रेंट नदीच्या काठी वसलेलं हे अ‍ॅटनबरो गाव. ही तळी मात्र निसर्गानं केलेली नाहीत. नदीकाठची खडी उपसून उपसून पडलेले हे खड्डे आहेत. त्यांत पाणी भरलं, पक्षी यायला लागले आणि १९६६ मध्ये इथं पक्ष्यांसाठी राखीव क्षेत्र झालं. उद्घाटनाला बोलावलं डेव्हिड अ‍ॅटनबरो यांना. दुसरं कोणाला बोलावणार?

आपल्याला हे आडनाव माहीत आहे ते दोघा भावांमुळे. धाकटे डेव्हिड, वन्यजीवांच्या माहितीपटांचे. थोरले रिचर्ड, ‘गांधी’चे दिग्दर्शक. त्याच ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैय्यांना ऑस्कर मिळालं. भाऊ एवढे नावाजलेले, पण आडनाव तसं दुर्मीळच. ब्रिटनमध्ये स्मिथ लाखांनी सापडतील. अ‍ॅटनबरो मोजकेच, आणि तेही पूर्वापार नॉटिंगहॅमच्या आसपास. या भावांचे वडील फ्रेडरिक १८८७ साली जन्मले, ते इथून हाकेच्या अंतरावरच्या स्टेपलफर्डमध्ये.

(दृश्य: जुना नकाशा, गावाच्या नावावर कॅमेरा)

आता हे आडनाव आलं कुठून? सरळ उत्तर, गावावरून. पेणमध्ये राहणाऱ्याला पेणकर कोण म्हणेल? गाव सोडून गेला की म्हणतात. दुसरा तर्क असा, की जुन्या इंग्रजीत ‘गढीपाशी राहणारा’ एवढाच याचा अर्थ. हा तर्क खरा धरला तर पंचाईत होते. गढ्या देशभर होत्या, मग अ‍ॅटनबरो घराणीही ठिकठिकाणी वेगवेगळी निघायला हवीत.

निकाल लावला रक्तानं. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं, आणि वाय गुणसूत्रही. लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी चाळीस आडनावांच्या १,६७८ पुरुषांची वाय गुणसूत्रं तपासली. निष्कर्ष आले २००९ मध्ये. दोन स्मिथ आणि रस्त्यावरचे कोणतेही दोन पुरुष, नात्याच्या दृष्टीनं सारखेच. अ‍ॅटनबरोंचं तसं नव्हतं. तपासलेल्यांपैकी ८७ टक्के एकाच प्रकारचे निघाले. स्पेलिंग थोडं बदलून ‘अ‍ॅटनबरो’च लावणारेही त्यातच. म्हणजे बहुधा मूळपुरुष एकच. किंवा सुरुवातीला असतील तिघं-चौघं, पण कोणाला मुलीच झाल्या, कोणाचं घर प्लेगनं नेलं, आणि वंश टिकला एकाचाच.

गंमत म्हणजे लेस्टरचं हे विद्यापीठ पूर्वी कॉलेज होतं, आणि १९३२ पासून त्याचे प्राचार्य होते हेच फ्रेडरिक अ‍ॅटनबरो. दोन्ही भाऊ त्याच आवारात वाढले. डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत अ‍ॅलेक जेफ्रीज यांना सापडली तीही इथंच, १९८४ मध्ये.

(दृश्य: चर्चच्या आवारातली थडगी)

राहिले १३ टक्के. कोणी दत्तक गेला असेल, कोणी आईचं आडनाव लावलं असेल, कोणाचा बाप कागदावरचा नसेलही. दर पिढीला शंभरात एकच अशी गफलत धरली, तरी वीस पिढ्यांत अठरा टक्के घरं मूळ धाग्यातून सुटतात. अ‍ॅटनबरोंची तेराच सुटलीत.