तळमजल्याची हवा

(दृश्य: अंधेरी पश्चिम. इमारतींच्या गर्दीतून वर आलेली गिल्बर्ट हिल.)

जवळजवळ २०० फूट उंच काळा कडा, माथ्यावर गावदेवीचं देऊळ आणि पायथ्याला चिकटून वस्ती. ही गिल्बर्ट हिल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन घडलेली. आपली मुंबई बहुतेक याच जातीच्या काळ्या दगडावर, बेसॉल्टवर वसली आहे.

दगडापासून सुरुवात केली, कारण आजची गोष्ट दगडातूनच निघते. खडकात, मातीत थोडंफार युरेनियम असतंच. त्याचं सावकाश रेडियम होतं आणि रेडियमपासून रेडॉन नावाचा वायू. त्याला ना रंग, ना वास, ना चव. उघड्या मैदानात वर आला तर वाऱ्याबरोबर निघून जातो. पण घराखाली वर आला, तर लादीच्या भेगेतून, मोरीच्या पाइपाभोवतीच्या फटीतून आत शिरतो आणि कोंडून राहतो. असा कोंडलेला रेडॉन वर्षानुवर्षं श्वासात गेला, तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

ग्रॅनाइटी खडकात युरेनियम जास्त, बेसॉल्टमध्ये कमी. त्यामुळे मुंबईच्या जमिनीचे आपल्यावर उपकारच आहेत. कुणी घाबरून जावं म्हणून आम्ही हे सांगत नाही. पण जमिनीनं जे दिलं, ते घरं बंद करून आपण घालवतो आहोत, असं आम्हाला वाटतं.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं, अणुवीज प्रकल्पाचं दार.)

घरातल्या रेडॉनकडे लोकांचं लक्ष वेधलं गेलं ते एका योगायोगानं. डिसेंबर १९८४, अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया राज्य. लिमरिक अणुवीज प्रकल्पातला एक इंजिनिअर किरणोत्सर्ग तपासणाऱ्या यंत्रापाशी आला की यंत्र वाजायचं. शेवटी एका सकाळी तो कामावर आत जायच्या आधीच यंत्रावर उभा राहिला. तरीही ते वाजलं! म्हणजे किरणोत्सर्ग प्रकल्पातला नव्हता, तो घरून अंगावर येत होता. घर तपासलं तेव्हा हवेत दर घनमीटरला सुमारे १ लाख बेकरेल रेडॉन निघाला. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरांसाठी सुचवलेली पातळी आहे १०० बेकरेल, आणि अगदीच शक्य नसेल तिथेही ३०० च्या वर नको.

छातीत नेमकं काय होतं? रेडॉन श्वासाबरोबर आत जातो आणि बराचसा तसाच बाहेर येतो. घात करतात ती त्याची पिल्लं. रेडॉन फुटून पोलोनियम तयार होतं. ते वायू नाही, घन आहे. हवेतल्या धुळीला चिकटतं, श्वासनळीच्या ओल्या अस्तरावर बसतं आणि काही मिनिटांतच तिथे फुटतं. त्यातून सुटणारा अल्फा कण साधा कागदही भेदू शकत नाही. पण इथे मध्ये कागद नसतो, थेट जिवंत पेशी असते.

आता एक हिशेब, जरा थांबून ऐका. युरोपातल्या १३ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २००५ मध्ये तो मांडला गेला. जन्मात विडी-सिगारेट न ओढणाऱ्या १,००० माणसांत, रेडॉन अजिबात नसेल तर वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत सुमारे ४ जणांना फुप्फुसाचा कॅन्सर होतो. घरात १०० बेकरेल असेल तर ५ जणांना, ४०० असेल तर ७ जणांना. ओढणाऱ्यांत हेच आकडे १००, १२० आणि १६० होतात. म्हणजे ४०० बेकरेलच्या त्याच हवेत न ओढणाऱ्या हजारांत ३ जण वाढतात, सिगारेट ओढणाऱ्या हजारांत ६०. घरात कुणी ओढत असेल तर रेडॉनवरचा पहिला उपाय तोच: ती सुटली पाहिजे. त्यासाठी मदत घ्यायला लाजू नका.

(दृश्य: चाळीतली तळमजल्याची खोली. मे महिना, दुपार.)

पूर्वी या खोलीचं दार दिवसभर उघडं असायचं, फार तर पडदा. आता एसी आला, गॅलरी आत घेतली, काचा लागल्या. उकाड्यात एसी लावू नका, असं कोण म्हणेल? पण भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, खोलीतलीच गार करून परत सोडतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा, हवा आरपार जाऊ द्या. लादीतल्या भेगा, पाइपाभोवतीची भोकं बुजवा. मात्र नुसतं बुजवून भागत नाही, हवा खेळलीच पाहिजे.

गावच्या घराचंही सांगायला हवं. सिंधुदुर्गात बऱ्याच ठिकाणी बेसॉल्ट नाही, त्याहून जुने खडक आहेत, ग्रॅनाइटसारखेही. कौलारू घरातून हवा आपसूक जायची. आता स्लॅबची घरं, तीही वर्षातले दहा महिने कुलपात. गणपतीला गेलात की सामान ठेवण्याआधी सगळं घर उघडा. आई हे करायचीच. नवीन बांधत असाल तर गवंड्याला सांगा: कोब्याखाली खडीचा थर, त्यावर जाड प्लास्टिक आणि खडीतून एक पाइप थेट छपराच्या वर. बांधतानाच केलं तर खर्च किरकोळ आहे.

(दृश्य: एका सोसायटीचं बेसमेंट. खुर्ची, रजिस्टर, पाण्याची बाटली.)

आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती इथे. वरच्या मजल्यांवर जमिनीतला रेडॉन फारसा पोचत नाही. पण बेसमेंट तिन्ही-चारी बाजूंनी मातीतच असतं, आणि वॉचमन काका इथे बारा बारा तास बसतात. एक्झॉस्ट पंखे आहेत. बिल वाढतं म्हणून ते बंद ठेवलेले असतात.

मोजायची रीत सोपी आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी देशभरच्या घरांत छोट्या डब्या लावून मोजणी केली आहे. मुठीएवढ्या डबीत लालसर फिल्मचा तुकडा. अल्फा कण त्यावर आदळला की डोळ्याला न दिसणारी खूण उमटते. तीन महिन्यांनी फिल्म सोडियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणात धुतली की त्या खुणांची बारीक छिद्रं होतात. ती मोजायची.

काकांच्या खुर्चीच्या वर, भिंतीपासून हातभर लांब, आम्ही डबी टांगली. त्यांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं.

"हिला वीज लागते का?"

"नाही काका. फक्त तीन महिने कुणाला हात लावू देऊ नका."

त्यांनी रजिस्टर ओढलं आणि गाड्यांच्या नंबरांखाली आजची तारीख घालून लिहिलं: डबी लावली.