बारवर एक किलो जास्त

(दृश्य : दापोली तालुक्यातली एक व्यायामशाळा. जांभ्याच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, जमिनीवर जाड रबरी लाद्या. कॅमेरा बारच्या अगदी जवळ.)

हा वेटलिफ्टिंगचा, बायकांचा बार. वजन १५ किलो. पुरुषांचा २० किलोंचा असतो आणि थोडा लांब असतो. या बारची जाडी २५ मिलिमीटर, पुरुषांच्या बारपेक्षा ३ मिलिमीटर कमी. हाताच्या मुठीचा विचार करून हे माप ठरलं आहे.

कोकणात या बारचा पहिला वैरी म्हणजे खारी हवा. मधल्या भागावर बारीक खाचा कोरलेल्या असतात, पकड घसरू नये म्हणून. त्या खाचांत तांबूस गंज बसतो. सराव संपला की मुली ताठ ब्रशने त्या घासतात, सुक्या फडक्याने पुसतात आणि दोन्ही टोकांना तेलाचं बोट लावतात. टोकाची नळी सुटी फिरली नाही, तर वजनाची फिरणारी प्लेट मनगटाला पीळ देते. पावसाळ्यात हाताला लावायच्या चॉकचे दमट गोळे होतात. ते फोडून चुरा करायचा, तळहातावर चोळायचा आणि उभं राहायचं.

(दृश्य : हर्णै बंदर. संध्याकाळचा लिलाव. मागे पाण्यात सुवर्णदुर्ग.)

ओझं उचलणाऱ्या बाईचं कोकणाला नवल नाही. मासळीची पाटी भरली की हाक येते, ‘हात लाव गो!’ शेजारची हातातलं काम टाकून येते, दोघी मिळून पाटी उचलतात, ती चुंबळीवर बसते आणि बाई ओल्या वाळूतून चालू लागते. शेत भाजायच्या राबासाठी कवळाचे, म्हणजे झाडपाल्याचे, भारे, चुलीसाठी मोळ्या, उन्हाळ्यात लांबच्या विहिरीवरून हंडा-कळशी. या ओझ्यांची नोंद कुणी ठेवली नाही. घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारा, तुमची आई किती किलो वाहायची? उत्तर मिळणार नाही.

स्पर्धेचा प्लॅटफॉर्म ४ मीटर लांब, ४ मीटर रुंद. तिथं हात लावायला कुणी नसतं. आणि तिथला किलो न् किलो लिहून ठेवला जातो, बाईच्या नावावर.

(दृश्य : व्यायामशाळा. नववीतली एक मुलगी बारजवळ येते. आधी वेग कमी करून, मग खऱ्या वेगात.)

अंगठा बारला वेढतो आणि पुढची दोन बोटं त्या अंगठ्यावर घट्ट बसतात. अंगठा दुखतो. सुरुवातीचे काही महिने सगळ्यांचाच दुखतो. पाठ सरळ, खांदे बारच्या किंचित पुढे. बार नडगीला चिकटून वर येतो, गुडघा ओलांडतो, मांडीपाशी येतो. इथवर सगळं सावकाश. मग कंबर आणि गुडघे एकदम ताठ होतात, बार उसळी घेतो, आणि नेमक्या त्याच क्षणी मुलगी खाली जाते. बार छातीच्या आसपासच असतो. मुलगी त्याच्याखाली शिरते, हात ताठ करते, पूर्ण बैठक घेते आणि बार डोक्यावर धरून उठते. हा स्नॅच. क्लीन अँड जर्कमध्ये बार आधी खांद्यावर येतो. उभं राहायचं, एक श्वास घ्यायचा, मग पाय पुढेमागे फाकवत तो डोक्यावर फेकायचा.

ज्यांना हा नुसता ताकदीचा खेळ वाटतो, त्यांनी ती खाली शिरण्याची वेळ पाहावी. डोक्यावर पडू शकणाऱ्या वजनाखाली आपणहून जायचं असतं. कोपर लवून पुन्हा ताठ झालं, तर लाल दिवा. पंच तीन असतात. तिघांपैकी दोघांचे पांढरे दिवे लागले की उचल चांगली.

प्रत्येकीला स्नॅचचे तीन प्रयत्न, क्लीन अँड जर्कचे तीन. दोन्ही प्रकारांतलं एकेक सर्वांत जास्त उचललेलं वजन घ्यायचं आणि बेरीज करायची. बारवरचं वजन वाढतच जातं, कमी होत नाही. एकदा बारवर १११ चढले की मागे येऊन ११० मागता येत नाहीत. म्हणून कोणत्या प्रयत्नाला किती किलो मागायचे, हा निर्णय बारइतकाच जड असतो. प्रशिक्षक टेबलापाशी कार्ड घेऊन उभे असतात, एकमेकांचे आकडे बघतात, आपला आकडा बदलतात. नाव पुकारलं की मिळतो एक मिनिट. लागोपाठ त्याच खेळाडूची पाळी आली तर दोन.

(दृश्य : जागतिक नकाशा. डेटोना बीच, मग मँचेस्टर, मग सिडनी.)

बायकांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ साली अमेरिकेत डेटोना बीचला झाली. दोनच वर्षांनी मँचेस्टरला मणिपूरच्या कुंजराणी देवीने भारतासाठी रौप्य आणलं. ऑलिंपिकचं दार मात्र सन २००० मध्ये उघडलं. सिडनीत पहिलंच सुवर्ण बल्गेरियाच्या इझाबेला द्रागनेव्हाकडून उत्तेजक चाचणीत परत घेतलं गेलं आणि अमेरिकेच्या टारा नॉटला मिळालं. या खेळाला उत्तेजकांचा डाग आहे, तो झाकून पुढे जाणं बरोबर नाही.

१९ सप्टेंबर २०००. ६९ किलो गट, म्हणजे खेळाडूचं स्वतःचं वजन ६९ किलोंच्या आत. आंध्रच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातली कर्णम मल्लेश्वरी. १९९४ आणि १९९५ साली ती ५४ किलो गटात जगज्जेती होती. सिडनीत त्याहून बऱ्याच वरच्या गटात उतरली. स्नॅच ११०. क्लीन अँड जर्क १३०. बेरीज २४०, आणि शेवटचा एक प्रयत्न बाकी. चीनची लिन वेइनिंग आणि हंगेरीची एर्झेबेत मार्कुश दोघींची बेरीज २४२.५. चीनची बाई शरीराने हलकी, म्हणून सुवर्ण तिला. तेव्हा बरोबरी अशीच सुटायची.

मल्लेश्वरीसाठी बारवर चढले १३७.५. ते उचललं गेलं नाही. तिला कांस्य मिळालं. ऑलिंपिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला.

११० आणि १३५ मिळून २४५ होतात, म्हणजे १३५ सुद्धा पुरले असते, हे गणित तेव्हापासून अनेकांनी घरी बसून केलं आहे. कागदावर ते बरोबर आहे. पण १३७.५ मागणं हे सुवर्णाकडे तोंड करून उभं राहणं होतं, आणि मला त्या निर्णयाबद्दल आदरच वाटतो. त्या काळी वजन अडीच-अडीच किलोंनी वाढायचं. २००५ पासून एकेक किलोने वाढवता येतं. तेव्हापासून हा खेळ आणखी अटीतटीचा झाला.

(दृश्य : फिलिपिन्सचा किनारा. नारळाची झाडं, होड्या.)

हा किनारा आपल्यातल्या कुणालाही ओळखीचा वाटेल. हिडिलिन डियाझ झांबोआंगाची. लहानपणी तिने घरासाठी पाणी वाहिलं. टोकियो ऑलिंपिकच्या आधी कोरोनाच्या बंदीत ती मलेशियात अडकली, तेव्हा बांबूला पाण्याच्या बाटल्या बांधून तिने सराव केला.

२६ जुलै २०२१, ५५ किलो गट. चीनची लियाओ च्युयुन आणि हिडिलिन, दोघींचा स्नॅच ९७. लियाओने क्लीन अँड जर्कमध्ये १२६ उचलले. बेरीज २२३. हिडिलिनने शेवटच्या प्रयत्नात १२७ मागितले. बार खांद्यावर आला, ती उठली, डोक्यावर गेला, हात ताठ. २२४. फिलिपिन्स १९२४ पासून ऑलिंपिकला खेळाडू पाठवत होतं. त्या देशाचं हे पहिलं सुवर्ण, आणि ते एका किलोने आलं.

(दृश्य : मणिपूरचे डोंगर. डोक्यावर मोळी घेऊन चाललेल्या मुली.)

मीराबाई चानूची मोळीची गोष्ट आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. भावाला न उचलणारी मोळी ती उचलायची. ती गोष्ट गोड आहे, पण तिच्यावर थांबलं की रिओ राहून जातं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये क्लीन अँड जर्कचे तीनही प्रयत्न वाया गेले. एकही आकडा लागला नाही, त्यामुळे बेरीजच नाही. स्पर्धा पूर्ण न केलेली, अशी नोंद. पुढच्याच वर्षी अनाहाइमला ती १९४ किलोंसह जगज्जेती झाली. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला तिने क्लीन अँड जर्कमध्ये ११९ उचलून जागतिक विक्रम केला.

आणि २४ जुलै २०२१, टोकियो, ४९ किलो गट. स्नॅच ८७. मग क्लीन अँड जर्कला ११५.

(दृश्य : व्यायामशाळेत मुली बारवर प्लेट चढवतात.)

हे ११५ कसे बनतात ते पाहा. बार १५. आत लाल प्लेट, २५ किलो. तिच्याबाहेर निळी, २० किलो. मग छोटी लाल, अडीच. दुसऱ्या बाजूलाही तसंच. शेवटी दोन्हीकडे अडीच-अडीच किलोंचे कॉलर, प्लेट सरकू नयेत म्हणून. स्वतः ४९ किलोंच्या आत वजन भरवून आलेली बाई हे डोक्यावर धरून उभी राहिली. बेरीज २०२, रौप्य. चीनच्या हौ झिहुईचे २१० होते, तिच्याशी गाठ नव्हती.

पॅरिस, ऑगस्ट २०२४. मीराबाईचा स्नॅच ८८. क्लीन अँड जर्कला १११ पहिल्यांदा निसटले, दुसऱ्यांदा उचलले. बेरीज १९९. थायलंडची सुरोद्चना खाम्बाओ २०० वर. तिसऱ्या प्रयत्नाला मीराबाईच्या बारवर ११४. ताश्कंदपेक्षा पाच किलो कमीच. बार वर गेला, पण टिकला नाही. चौथी. एका किलोने कांस्य गेलं. मासिक पाळीचा तिसरा दिवस होता, हे तिने नंतर जाहीरपणे सांगितलं. हे तिने बोलून दाखवलं हे फार चांगलं केलं. या व्यायामशाळेतल्या मुलींना पाळी आली की घरचे म्हणतात, आज वजनाला हात लावू नकोस. पॅरिसमध्ये एका बाईने त्याच दिवसांत १११ किलो डोक्यावर नेले होते.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, नॉर्वेत फोर्डेला जागतिक स्पर्धा झाली. गट ४८ किलोंचा. मीराबाईचे ८४ आणि ११५, बेरीज पुन्हा १९९. कांस्य मिळवणाऱ्या थायलंडच्या खेळाडूचे १९८. या वेळी तो एक किलो मीराबाईच्या बाजूला पडला आणि रौप्य मिळालं.

(दृश्य : बोरघाट चढणारी गाडी. मग वडगाव मावळ.)

मराठी मुलीचं नाव हवं असेल तर घाट चढून वडगाव मावळला जावं लागतं. हर्षदा गरुड. मे २०२२ मध्ये ग्रीसमधल्या हेराक्लिऑनला ज्युनिअर जागतिक स्पर्धेत, ४५ किलो गटात, तिने ७० आणि ८३ उचलले. १५३ किलो, सुवर्ण. ज्युनिअर जागतिक स्पर्धेतलं भारताचं हे पहिलं सुवर्ण होतं. आपल्याकडे ते एक-दोन दिवस पेपरात आलं. एवढंच का आलं, याचं मला अजून वाईट वाटतं. दापोलीच्या या मुलींना हिडिलिनपेक्षा हर्षदा जवळची वाटते, कारण ती त्यांच्याच भाषेत मुलाखत देते. भिंतीवर फोटो तिचा आहे.

त्या भिंतीखाली बसून सर पोरींकडून कार्ड भरून घेतात.

‘पहिला प्रयत्न किती लिहू?’
‘सर, ३८.’
‘सरावात ३८ कितीदा पडला?’
मुलगी गप्प.
‘३५ लिही. पहिला हमखास लागला पाहिजे. तिसऱ्याला काय मागायचं ते तुझ्यावर.’

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बायकांचे सहा गट असतील आणि सर्वांत हलका ५३ किलोंचा. मीराबाईला तिथं उतरायचं तर अंगावर चार-पाच किलो चढवावे लागतील, आणि त्या गटातल्या बायका बारवर आणखी वजन मागतात.

पुढची स्पर्धा टीव्हीवर दिसली, तर क्लीन अँड जर्कची शेवटची काही मिनिटं बारइतकंच बोर्डाकडेही बघा. नावासमोरचा आकडा बदलतो, ११२ चे ११३ होतात. प्रतिस्पर्धीने किती उचलले ते पाहून कुणीतरी मागच्या खोलीत आत्ताच ठरवलेलं असतं. तिथून घड्याळात एक मिनिट सुरू होतं.