एका थेंबाचा बंदोबस्त

(दृश्य : खेड्यातलं किराणा दुकान. तारेला लटकलेल्या पुड्यांच्या माळा.)

कुठल्याही वाडीतलं किराणा दुकान घ्या. काउंटरवर वजनकाटा, मागे डब्यांची रांग, आणि मालकाच्या डोक्यावर लोंबणाऱ्या माळा. शांपू, कंडिशनर, खोबरेल, फेसवॉश. गिऱ्हाइकाने मागितलं की मालक वर न बघताच हात घालतो, छिद्रांच्या रेषेवर एक झटका देतो आणि पुडी काउंटरवर ठेवतो. रुपया, दोन रुपये. व्यवहार संपला.

आता मुंबईतल्या एखाद्या मॉलमध्ये चला. परफ्यूमच्या काउंटरवर दीड मिलिलिटरची काचेची नळी मिळते, जाड कागदाच्या कार्डात अडकवलेली. तिला पैसे पडत नाहीत. बाटली घ्यायची तर मात्र काही हजार मोजायचे.

एक विकतची, दुसरी फुकटची. पण दोन्ही घडवणाऱ्यांपुढचा पेच एकच. आतला माल वर्ष-दोन वर्षं जसाच्या तसा राहायला हवा. मे महिन्यात विदर्भातल्या ट्रकमध्ये, पत्र्याच्या गोदामात, चार खोक्यांखाली दबून. आणि एक दिवस, न्हाणीघरात, ओल्या बोटांनी, कात्रीशिवाय ती सहज उघडायलाही हवी. उघडली की अर्ध्या मिनिटात तिचं काम संपलं.

(दृश्य : समुद्रकिनारा. कडलूर, तमिळनाडू.)

शांपूच्या पुडीची आपल्याकडची कहाणी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, कडलूरला सुरू होते. सत्तरच्या दशकात शांपू म्हणजे बाटली, आणि बाटली म्हणजे शहरातलं सुखवस्तू घर. बाकीच्यांना शिकेकाई, रिठा, नाहीतर अंगाचाच साबण डोक्याला. कडलूरमध्ये चिन्नी कृष्णन नावाचे गृहस्थ टाल्कम पावडर, एप्सम सॉल्ट अशा वस्तू लहान लहान पुड्यांत भरून विकत. हमालाला आणि रिक्षा ओढणाऱ्यालाही परवडेल असंच काही करायचं, हा त्यांचा ध्यास होता, असं त्यांचे चिरंजीव पुढे सांगत आले. शांपूच्या पुडीचं श्रेयही चिन्नी कृष्णन यांनाच दिलं जातं. त्यांच्यामागे मुलांनी पुडीतला ‘वेल्वेट’ शांपू बाजारात आणला. त्यांतले एक, सी. के. रंगनाथन, 1983 मध्ये घरच्या धंद्यातून बाहेर पडले आणि पंधरा हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःचा शांपू काढला. नाव ‘चिक’, वडिलांच्या नावावरून. हीच कंपनी पुढे ‘केविनकेअर’ झाली.

विक्रीची पद्धत ऐकण्यासारखी आहे. गावात जायचं, एखाद्या पोराला सगळ्यांसमोर बसवायचं, त्याचे केस शांपूने धुऊन दाखवायचे, आणि जमलेल्यांना म्हणायचं, हात लावून बघा, वास घेऊन बघा. म्हणजे नमुना दिला तो पुडीत नव्हे, पोराच्या डोक्यावर!

दुसरी युक्ती याहून भारी. रिकाम्या पुड्या दुकानात आणून द्या, ‘चिक’ची भरलेली पुडी फुकट घेऊन जा. सुरुवातीला कुठल्याही कंपनीची रिकामी पुडी चालायची, नंतर फक्त ‘चिक’ची. हेतू कचरा गोळा करण्याचा नव्हता, दुसऱ्याचं गिऱ्हाईक फोडण्याचा होता. पण काही काळ का होईना, उकिरड्यावरच्या पुडीला भाव आला होता. पुढे मोगऱ्याचा आणि गुलाबाचा वास आला, आठ आण्यांची पुडी आली, आणि मोठमोठ्या परदेशी कंपन्यांनाही पुडीशिवाय गत्यंतर उरलं नाही.

इथे एक गोष्ट उलटी झाली. नमुन्यामागचं मूळ गणित असं की पुडी वापरून बघितली, आवडली, की माणूस बाटली घेईल. आपल्याकडे पुडी आवडली की माणूस दुसरी पुडी घेतो. का घेऊ नये? कित्येकदा मिलिलिटरमागे हिशेब केला तर बाटलीपेक्षा पुडीच स्वस्त पडते. वापरून बघण्याचा आकार हाच मालाचा कायमचा आकार होऊन बसला.

(दृश्य : पुडीचा उभा छेद, सूक्ष्मदर्शकाखाली.)

या पुडीचा काठ भिंगाखाली धरला तर आत थर दिसतात. सगळ्यात बाहेर पॉलिएस्टर, साधारण 12 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावरची छपाई आतल्या बाजूने, उलटी केलेली, म्हणजे घासून रंग जात नाही. मधे चकचकीत थर : एकतर सात ते नऊ मायक्रॉनची ॲल्युमिनियमची फॉइल, किंवा प्लास्टिकवर ॲल्युमिनियमची वाफ धरून बसवलेला मुलामा, जो फॉइलपेक्षा शेकडो पटींनी पातळ असतो. आणि सगळ्यात आत पॉलिथिन, चाळीस-पन्नास मायक्रॉन. सगळं मिळून जाडी किती, तर ज्याच्यासाठी हा शांपू आहे त्या केसाएवढी.

प्रत्येक थराचं काम वेगळं. पॉलिएस्टर ताण आणि उष्णता सोसतं. धातू हवा, ओल आणि उजेड अडवतो. पॉलिथिन वितळून चिकटतं, म्हणून पुडी बंद होते. यातला एकही थर नुसता शोभेचा नाही, आणि पुढची अडचण नेमकी तिथेच आहे.

(दृश्य : पुड्या भरणारं मशीन. आवाज चालू ठेवावा.)

मशीनवर फिल्मचा रोल वरून खाली उतरतो. छापलेली छोटी काळी खूण फोटोसेलने, म्हणजे मशीनच्या प्रकाश ओळखणाऱ्या डोळ्याने, वाचली की मशीनला कळतं, पुडी इथे संपते. दोन्ही बाजूंनी तापलेले जबडे मिटतात, पट्टीपुरतं पॉलिथिन वितळतं, वरून नळीतून माल पडतो, जबडे पुन्हा मिटतात, पुडी तयार.

हे सगळं चालतं ते एका फरकावर. आतलं पॉलिथिन 110 अंशांच्या आसपास वितळतं, बाहेरचं पॉलिएस्टर 250च्या पुढे. मधे जवळजवळ दीडशे अंशांची मोकळी जागा. जबडा थोडा जास्त तापला, थोडा कमी तापला, तरी निभावतं. उष्णता, दाब आणि वेळ या तिन्हींचा मेळ बसला की सील पक्कं. मेळ बसूनही घात होतो तो एका थेंबाने. नळीच्या तोंडाशी ओघळलेला शांपू सीलच्या पट्टीत सापडला की तेवढ्या जागी पॉलिथिन पॉलिथिनला भेटतच नाही. डोळ्यांना पुडी ठीक दिसते. आठवड्याभराने खोक्याचा तळ चिकट होतो.

म्हणून तपासणी. पारदर्शक भांड्यात पाणी, त्यात जाळीखाली दाबून बसवलेल्या पुड्या, वर घट्ट झाकण. पंपाने भांड्यातली हवा ओढली की पुड्या टम्म फुगतात. सगळे काठाकडे डोळे लावून बसतात. एका कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची रांग वर निघाली, की तो माल बाजूला काढायचा आणि मशीनचे जबडे तपासायला घ्यायचे.

आणि मग ती खाच. पुडीच्या काठावर दीड-दोन मिलिमीटरचा कट. ताण एका बिंदूवर गोळा करून फाटण्याला सुरुवात करून द्यायची, एवढंच तिचं काम. ती सीलच्या पट्टीच्या आतच संपली पाहिजे. मालापर्यंत पोचली तर पुडी गळते, फारच लहान राहिली तर साबणाची बोटं नुसती घसरतात. शिवाय फाटण्याची दिशा फिल्मच्या बनावटीवर ठरते. आडवी फाटायच्या ऐवजी तिरकी गेली, तर माल मोरीत. पुडी शेवटी दातांनी फोडणारा माणूस आडदांड नसतो. खाच कुणीतरी कोरड्या हातांनी, टेबलापाशी बसून ठरवलेली असते.

(दृश्य : परफ्यूमच्या नळ्या, कार्डांत अडकवलेल्या.)

शांपू तसा सोशिक. सुगंध तसा नाही. परफ्यूममध्ये बहुतांश अल्कोहोल, आणि उरलेलं सुगंधी द्रव्य प्लास्टिकशी दंगा करणारं. संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनीन पॉलिथिनमध्ये सहज मुरतं. म्हणजे पुडी कुठेही न गळता आतला वास गळतो, आणि तोही सगळा सारखा नाही. आंबट, ताजा भाग आधी जातो, जड भाग मागे राहतो. काही सुगंधी तेलं तर थर जोडणाऱ्या गोंदालाच सोडवतात. गिऱ्हाईक नमुना हुंगतं आणि ठरवतं, नको बुवा. त्याने नाकारलेला वास बाटलीतला नव्हताच.

म्हणून काच. पण काचेच्या नळीतही आकार आडवा येतो. शंभर मिलिलिटरची बाटली त्याच घाटात दीड मिलिलिटरपर्यंत आटवली, तर प्रत्येक थेंबामागे भिंतीचा पृष्ठभाग सुमारे चौपट होतो. बुचाजवळची बारीकशी फट मोठ्या बाटलीला जाणवत नाही, नळीला रिकामी करून टाकते. उन्हात ठेवलेल्या नळीत सहा महिन्यांनी उरलेला पिवळा थेंब पुष्कळांनी बघितला असेल.

आपल्याकडे यावरचा तोडगा फार जुना आहे. अत्तरवाला कुपीच्या काचेच्या काडीने मनगटामागे एक रेघ ओढतो, किंवा कापसाचा फाया करून देतो. लग्नाच्या मांडवात आलेल्याच्या हाताला अत्तर लावतात तेही असंच. पॅकेजिंग शून्य. अट एकच : देणारा आणि घेणारा समोरासमोर हवेत.

ते समोरासमोर नसले तर काय, याचं उत्तर अमेरिकेत निघालं, आणि तेही कार्बन पेपरच्या धंद्यातून. 1950च्या दशकात एनसीआर कंपनीने कार्बनशिवाय नक्कल उमटवणारा कागद काढला. त्यात शाईचे सूक्ष्म कण कवचात बंद असत. पेन दाबलं की कवच फुटे. त्याच कवचात शाईऐवजी सुगंध भरला की झालं काम. टेनेसी राज्यातल्या चॅटानूगा शहरातल्या आर्केड कंपनीने मासिकात बसणारी सुगंधी पट्टी आणली. दुमडलेला कागद सोलला की कवचं फुटतात आणि वास सुटतो. 1980च्या दशकात ‘जॉर्जिओ बेव्हर्ली हिल्स’ या परफ्यूमने या पट्ट्यांवर बाजार गाजवला. मासिकंच्या मासिकं घमघमायला लागली आणि दम्याच्या, ॲलर्जीच्या रुग्णांची तक्रार सुरू झाली. अखेर तिथल्या टपालाच्या कायद्यात 1990 मध्ये तरतूद आली : सुगंधी नमुना अशा रीतीने बंद केलेला हवा, की तो न उघडता कोणाच्या नाकाशी जाऊ नये. पॅकेजिंगची रचना कायद्याने नाकाच्या बाजूने बघितल्याचं हे दुर्मीळ उदाहरण.

(दृश्य : शहराबाहेरचा कचरा डेपो.)

आता रिकामी पुडी. पाच बाय सात सेंटिमीटरची पुडी, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. किलोभर गोळा करायला दोन हजार पुड्या वाकून उचलाव्या लागतील. आणि उचलून नेल्या, तरी भंगारवाला घेत नाही; पॉलिएस्टर, ॲल्युमिनियम आणि पॉलिथिन एकमेकांना इतके चिकटलेले की वेगळं काढण्याचा खर्च मालाच्या किमतीबाहेर जातो. कचरा वेचणारी बाई दुधाची पिशवी उचलते, पाण्याची बाटली उचलते, पुडी सोडून पुढे जाते. तिचं गणित चोख आहे.

सरकारने प्लास्टिक कचऱ्याविषयीच्या 2016च्या नियमांत, पुनर्वापर होऊ न शकणारं बहुपदरी प्लास्टिक दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं होतं. 2018 मध्ये दुरुस्ती झाली. ज्यातून ऊर्जाही मिळवता येत नाही किंवा ज्याचा दुसरा काहीच उपयोग नाही, अशा प्लास्टिकची भर त्या वाक्यात पडली. आता सिमेंटच्या भट्टीत जाळलं की ऊर्जा मिळतेच. पुडी सुटली. याला दुरुस्ती म्हणायचं की पळवाट, हे ज्याने त्याने ठरवावं. मला ती पळवाट वाटते.

1 जुलै 2022 ही तारीख बघा. त्या दिवशी भारतात एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवर बंदी आली : स्ट्रॉ, चमचे, ताटल्या, कानकाड्यांच्या दांड्या. शांपूची पुडी त्या यादीत नव्हती. योगायोगाने त्याच दिवसापासून फ्रान्समध्ये, गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय मालाचा नमुना त्याच्या हातात ठेवायला कायद्याने मनाई झाली. फ्रान्सने नळीला हात लावला नाही, ती देण्याच्या सवयीला लावला. पुढे युरोपीय संघानेही हॉटेलांच्या न्हाणीघरातल्या चिमुकल्या बाटल्या 2030 पासून बंद करायचं ठरवलं.

आपल्या माळेवर हा फ्रेंच उपाय चालत नाही, कारण इथे प्रत्येक पुडी मागूनच घेतलेली असते, पैसे मोजून.

(दृश्य : चाचणीसाठी लावलेला नवा, पांढरट फिल्मचा रोल.)

मग उरतो एकाच प्लास्टिकचा उपाय : बाहेरही पॉलिथिन, आतही पॉलिथिन, म्हणजे वितळवून पुन्हा वापरता येईल. पण मघाची दीडशे अंशांची मोकळी जागा आठवा. बाहेरचं जास्त घनतेचं पॉलिथिन 130 अंशांच्या आसपास वितळतं, आतलं 110ला. राहिले वीसेक अंश. जबडा जरा जास्त तापला की बाहेरचा थरच चिकटून ओढला जातो. कमी तापला की सील कच्चं. वर पॉलिथिन फाटण्याऐवजी ताणलं जातं, त्यामुळे खाच निकामी. लेझरने रेघ ओढून कमजोर वाट करून द्यावी लागते. वास मुरण्याची अडचण आहे तिथेच.

मशीनचा वेग कमी केला की यातलं बरंचसं जमतं. महागड्या क्रीमच्या फुकट नमुन्याला तो वेग परवडतो, कारण पुडीचा खर्च बाटली फेडते. रुपयाच्या पुडीमागे तो खर्च फेडणारी बाटलीच नाही. वाढीव पैसे कंपनीने सोसायचे, की पुडीतला शांपू अर्धा मिलिलिटर कमी करायचा, यावरची घासाघीस अजून संपलेली नाही.