कळसूबाई चढताना मोजलेले विश्वकिरण

बारी गावामागे दिसतोय तो कळसूबाई. उंची १६४६ मीटर. जसजसं वर जावं, तसतशी डोक्यावरची हवा कमी होते आणि आकाशातून येणारे विश्वकिरण, म्हणजे अंतराळातून येणारे वेगवान कण, वाढतात. ही वाढ टिपायला सह्याद्री फार सोयीचा, कारण इथल्या काळ्या बेसाल्टमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम ग्रॅनाइटपेक्षा पुष्कळ कमी असतं. जमिनीचा किरणोत्सर्ग कमी, म्हणून आकाशाचा वाटा लपत नाही.

तिपाईवरची ही धातूची नळी एसबीएम-२०, किरणोत्सर्ग मोजणारी गायगर नळी. आतून कण किंवा किरण टिपला की ती एक ठोका देते. तिला ४०० व्होल्ट दिलेत. जमिनीपासून अंतर एक मीटर, प्रत्येक थांब्यावर तेवढंच. नळी आडवीच हवी. म्युऑन, म्हणजे विश्वकिरण हवेवर आदळून तयार होणारे कण, बहुतेक वरून येतात. उभ्या नळीत ते कमी सापडतात.

यंत्रावरचे मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचे आकडे, लिहू नका. ते गणित सिझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाच्या गॅमा किरणांवर बेतलेलं असतं, म्युऑनना लागू पडत नाही. लिहायचे ते ठोके. मिनिटाला साधारण २०. पण एकाच मिनिटावर थांबलात तर २०चं वर्गमूळ साडेचार, म्हणजे २२ टक्के अनिश्चितता! चढामुळे पडणारा फरक त्यातच बुडतो. २५०० ठोके जमले की ती २ टक्क्यांवर येते. त्याला दोन तास लागतात, आणि ते द्यावेच लागतात.

या लोखंडी शिड्यांपाशी मोजायचं नाही. बाजूचा कडाही किरणोत्सर्ग देतो. पाऊस पडून गेला तर दोन-तीन तास थांबायचं, कारण हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूपासून बनलेले शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ पाण्याबरोबर खाली उतरतात आणि आकडा फुगतो. उंचीच्या जोडीला हवेचा दाबही लिहायचा. शिखरावर तो ८३० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो.

उंचीबरोबर होणारी हीच वाढ मोजायला ७ ऑगस्ट १९१२ रोजी भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर हेस हायड्रोजनच्या बलूनमधून ५३५० मीटरपर्यंत गेले, सोबत किरणोत्सर्ग मोजणारे तीन इलेक्ट्रोमीटर. जमीन दूर गेल्यावर आधी आकडे किंचित उतरले, मग चढतच गेले. विमानातल्या कर्मचाऱ्यांना किरणोत्सर्गाची जास्त मात्रा मिळते ती याच कारणाने.

आता दुसरी नळी, पहिलीच्या बरोबर खाली. दोन्ही एकाच क्षणी वाजल्या तरच ठोका धरायचा. जमिनीचा गॅमा किरण सहसा एकाच नळीत नोंदला जातो, म्युऑन दोन्ही भेदून जातो. बोथे आणि कोलहर्स्टर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९२९मध्ये हीच युक्ती वापरली. ठोके फार कमी मिळतात, पण जवळजवळ सगळे आकाशाचे. दोन्ही नळ्या एकाच पट्टीवर स्क्रूने घट्ट बसवा. मधलं अंतर वाटेत हललं, तर खालचे आणि वरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.