टुआर्ट : चुनखडीच्या किनाऱ्यावरची निलगिरी

(दृश्य : हिंदी महासागराचा किनारा, वरून. वाळूच्या टेकड्यांच्या समांतर रांगा.)

ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगत वाळूच्या टेकड्यांच्या रांगाच रांगा आहेत. समुद्राला खेटून असलेल्या तरुण, पांढुरक्या. त्यांच्या मागच्या जुन्या, पिवळसर, आणि त्यांच्या पोटात चुनखडीचा थर. या टेकड्यांवर निलगिरीची एक जात वाढते, जी निसर्गतः जगात दुसरीकडे कुठेच नाही. तिचं नाव टुआर्ट. शास्त्रीय नाव युकॅलिप्टस गॉम्फोसेफाला.

उत्तरेला जुरियन बेपासून दक्षिणेला बसलटनपर्यंत हा पट्टा साधारण ४०० किलोमीटर लांब भरतो. रुंदी मात्र अगदीच थोडी. समुद्रापासून दहाएक किलोमीटर आत गेलं, की बहुतेक ठिकाणी टुआर्ट संपतो. तिथून पुढे आम्लधर्मी माती आणि जारा नावाची दुसरी निलगिरी. जाराला चुना सोसत नाही, टुआर्टचं चुन्यावर उत्तम चालतं. पर्थ शहर वसलंय ते याच पट्ट्यावर, आणि टुआर्टची पुढची सगळी कथा त्यातूनच घडली आहे.

(दृश्य : खोड, जवळून. कॅमेरा सालीवरून वर सरकतो.)

आपल्याकडे रस्त्याकडेला दिसणाऱ्या निलगिरीचं खोड गुळगुळीत असतं, सालीचे लांब पापुद्रे सुटून खाली लोंबत असतात. तसं काही इथे शोधू नका. टुआर्टची साल करडी, खरबरीत, बारीक तंतूंची, आणि ती नुसत्या बुंध्यावर नाही तर थेट फांद्यांपर्यंत टिकून राहते. पानं लांबट, चकचकीत हिरवी, खालच्या बाजूने जरा फिकी. रोपाची पानं याहून बरीच रुंद असतात; नवख्याला ती वेगळ्याच झाडाची वाटतील. उंची जागेवर ठरते. पट्ट्याच्या उत्तरेकडे आणि उघड्या वाऱ्यात झाड ठेंगणं, वेडंवाकडं राहतं. दक्षिणेला, जिथे पाऊस जास्त आणि माती खोल, तिथे तेच झाड ३५ मीटरच्या वर जातं.

पण टुआर्ट खात्रीने ओळखायचा असेल, तर कळी पाहावी.

(दृश्य : कळ्यांचा झुपका, अगदी जवळून.)

पानाच्या बगलेतून एक चपटा, रुंद देठ निघतो. पट्टीसारखा चपटा, बोटांत धरला की लगेच कळतं. त्याच्या टोकाला सात कळ्या, एकमेकींना चिकटून. कळीला स्वतःचा देठ नाही. एकेक कळी सुमारे दोन सेंटिमीटर लांब, निलगिरीच्या मानाने चांगलीच दणकट. खाली निमुळती वाटी आणि वर तिच्याहून रुंद, फुगीर झाकण. वाटीच्या काठाबाहेर आलेलं हे झाकण हीच टुआर्टची खूण. तेवढ्या एका कळीवरून जाणकार माणूस जात सांगतो.

हे झाकण म्हणजे पाकळ्याच, पण जुळून कठीण झालेल्या. लवंग आणि जांभूळ ही निलगिरीच्याच कुळातली झाडं. लवंगेच्या डोक्यावरचा गोल मणी म्हणजे न उमललेल्या पाकळ्या. जांभळाच्या फुलातही पाकळ्या टोपीसारख्या एकत्रच गळून पडतात. टुआर्टमध्ये हीच रचना जाड आणि मजबूत होते. वेळ आली की झाकण सुटतं, खाली पडतं, आणि आत गुंडाळून ठेवलेले पुंकेसर चहूबाजूंनी मोकळे होतात. निलगिरीच्या फुलाला मिरवायला पाकळ्या नसतात. जो मऊ, दुधाळ झुपका आपल्याला दिसतो, तो सगळा पुंकेसरांचा.

फुलोरा जानेवारी ते एप्रिल, म्हणजे तिकडचा कोरडा उन्हाळा आणि त्यानंतरचे दिवस. पण दरवर्षी सारखा बहर नसतो. एखादं वर्ष झाड लगडतं, आणि मग काही वर्षं जेमतेम. त्यात एक छोटा सोंडकिडा आहे, टुआर्टच्या कळीवरच जगणारा. त्याची मादी कळीत अंडं घालते, कळी गळून पडते आणि अळी तिच्या आतच वाढते. झाडाखाली भोक पडलेल्या कळ्यांचा सडा दिसला, की समजायचं यंदा बी कमी.

यातून जे वाचतं त्याचं घंटेच्या आकाराचं, लाकडासारखं टणक बोंड होतं. आतलं बी बारीक. ते रुजतं कुठे, हे महत्त्वाचं आहे. वाळलेलं खोड आगीत जळून जिथे राखेचा थर साचतो, तिथली रोपं सगळ्यांत जोमाने वाढतात. हा नूंगार या इथल्या आदिवासी लोकांचा मुलूख. ते हजारो वर्षं ठरावीक ऋतूत, बेताने आग लावून ही रानं मोकळी ठेवत आले. वसाहतवाले आले, ते जाळणं थांबलं, गुरं चरू लागली, आणि झाडाखाली पेपरमिंट नावाच्या झुडपी झाडांची दाटी झाली.

(दृश्य : लडलोचं जंगल. उंच खोडं, मधून जाणारा रस्ता.)

केपल आणि बसलटन या गावांच्या मध्ये लडलो आहे. उंच टुआर्टचं सलग जंगल आज फक्त इथेच उरलंय, वार्डांडी नूंगार लोकांच्या भूमीवर. १८०१ साली निकोलस बोदँ यांची फ्रेंच मोहीम जवळच्या उपसागरात आली. तिच्यातले वनस्पतितज्ज्ञ लेशेनो यांनी जमवलेल्या नमुन्यांवरून पुढे १८२८ मध्ये दे कांदोल यांनी या जातीचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. हेच लेशेनो त्या मोहिमेनंतर पुदुच्चेरीला येऊन तिथल्या वनस्पती उद्यानाचं काम पाहत होते.

पुढे आरे आणि करवती आल्या. टुआर्टचं लाकूड फिकट पिवळं, विलक्षण जड, आणि त्याचे रेषे एकमेकांत असे गुंतलेले की ते सहजी चिरफळत नाही. रेल्वेच्या मालडब्यांना, जहाजांच्या तळाला, चाकांच्या तुंब्यांना याहून चांगलं काय मिळणार? लडलोला सरकारी लाकूड गिरणी चालली. काही भागात टुआर्टच्या जागी पाइन लावले गेले.

(दृश्य : याल्गोरुप. वाळलेले शेंडे.)

१९९०च्या दशकात मँडुराच्या दक्षिणेला याल्गोरुप भागात टुआर्ट शेंड्याकडून वाळू लागले. एक नाही, दोन नाही, राईच्या राई. मर्डॉक विद्यापीठाच्या संशोधकांनी मुळांजवळची माती तपासली, आणि २००९ मध्ये फायटॉफ्थोरा मल्टिव्होरा या बुरशीसारख्या रोगकारक जातीची नोंद झाली. ती झाडाची बारीक, पाणी शोषणारी मुळंच खाते. पण सगळा दोष तिच्या एकटीच्या माथी मारता येत नाही. कमी होत गेलेला पाऊस, बदललेली आग, खोडं पोखरणारे भुंगे, सगळं एकाच झाडावर येऊन पडलं.

इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. टुआर्ट नाजूक म्हणून दुर्मीळ झालेला नाही. ट्युनिशिया, लिबिया, मोरोक्कोच्या चुनखडीच्या जमिनीत, जिथे दुसऱ्या निलगिऱ्या पिवळ्या पडतात, तिथे लागवडीतला टुआर्ट तग धरून वाढतो. मायदेशी त्याची अडचण आहे ती जागेची. त्याचा पट्टा अरुंद, आणि नेमका त्याच पट्ट्यावर माणसांना घरं हवीत. पर्थमध्ये टुआर्ट हिल नावाचं उपनगर आहे; तिथली टेकडी आता घरांनी भरली आहे.

(दृश्य : जुन्या झाडाची ढोली. काळ्या काकाकुव्यांचा थवा.)

२०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने टुआर्टच्या वनसमूहाला 'अतिसंकटग्रस्त' म्हणून कायद्याचं संरक्षण दिलं. हे संरक्षण समूहाला आहे, त्यातल्या झाडांना, झुडपांना, गवताला मिळून. कुणाच्या अंगणात एकटा उरलेला टुआर्ट त्यात येत नाही. आणि असे एकटे जुने वृक्षच फार मोलाचे असतात, कारण कार्नबी नावाच्या काळ्या काकाकुव्याला घरट्यासाठी लागणारी मोठी ढोली तयार व्हायला शतकाहून अधिक काळ जातो. आज लावलेलं रोप ती गरज या पिढीत भागवू शकत नाही, मग एका झाडाच्या बदल्यात दहा लावा की शंभर.

२०२४ मध्ये पर्थची उपनगरी रेल्वे उत्तरेला यांचेपपर्यंत पोहोचली. मार्गालगत नव्या वसाहतींची आखणी चालू आहे. यांचेप राष्ट्रीय उद्यानातले टुआर्ट राखीव आहेत. उद्यानाबाहेर जे उभे आहेत, त्यांचा निकाल एकेका बांधकाम परवान्याबरोबर लागतो.