पुठ्ठ्याचं घर

नमस्कार श्रोतेहो. आज रद्दीवाला आला तर खोकी देऊ नका. बुटांचं खोकं, कॉर्नफ्लेक्सचं खोकं, जुन्या लग्नपत्रिका, सगळं बाजूला ठेवा. पत्रिका तर हव्यातच, काय सुरेख जाड कागद असतो! हल्ली आमंत्रण फोनवर येतं, वर 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे'. समजतो बाबा, पण त्यातून मला दरवाजा कापता येत नाही. असो.

घराची प्रतिकृती करायची तर आधी माप, मग कात्री. १:५० हे प्रमाण धरा. खरा १ मीटर म्हणजे पुठ्ठ्यावर २ सेंटिमीटर. २ मीटरचं दार ४ सेंटिमीटरचं. पुन्हा सांगतो, मीटरला २ सेंटिमीटर, दाराला तेच, पायरीला तेच. घडी घालताना पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबा, मग दुमडा. घडी सरळ बसते.

मी अंत्रुजातलं, म्हणजे गोव्यात फोंड्याकडचं, आमचं जुनं घर करायला घेतलं होतं. चिऱ्यांची भिंत हातभर जाड, म्हणजे प्रमाणात ९ मिलिमीटर. खोक्याच्या पुठ्ठ्याचे तीन थर मैद्याच्या खळीने चिकटवले. शिंपल्यांच्या खिडक्यांना बटर पेपर. छपराची युक्ती मात्र लक्षात ठेवा. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलून काढा, आत पन्हळी दिसतात. तीच कौलं! खळ तोवर संपली होती, म्हणून छप्पर फेविकॉलने चिकटवलं आणि वर गेरूच्या रंगाचा ऑइल पेंट मारला. खरी मंगळुरी कौलं बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात करायला घेतली, त्याआधी आपल्याकडे नळ्यांचीच. आता तर कौलं उतरवून स्लॅब टाकतात आणि मग गच्ची गळते म्हणून तिच्यावर पत्रे घालतात! हा शहाणपणा मला आजवर कळलेला नाही.

तर घर आत्याला दाखवलं. तिने चष्मा लावला. म्हणाली, "घर छान आहे रे, पण तुळशीला पाणी घालायला शिडी कोण आणणार?" तुळशीवृंदावन मी अंदाजाने केलं होतं. दारापेक्षा उंच! म्हणून सांगतो, मीटरला २ सेंटिमीटर, तुळशीलासुद्धा.

वृंदावन नवं केलं, घर माळ्यावर ठेवलं. जून गेला, जुलै गेला. चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगायची चौकट, काढायला माळ्यावर चढलो तर घर बसलेलं. वाळवीने भिंती खळीसकट फस्त केल्या होत्या. लाल छप्पर तेवढं अख्खं, जमिनीवर टेकलेलं, कासवासारखं.

पुस्तकं बांधणारे खळीत चिमूटभर मोरचूद घालत, कीड लागू नये म्हणून. ते मला ठाऊक होतं, घालायचा कंटाळा केला. मोरचूद विषारी, मुलांच्या हाती नको. घरात मुलं असतील तर सरळ फेविकॉल वापरा, पातळ लावा, नाहीतर पावसात पुठ्ठा वाकतो.

ते छप्पर आत्यासमोर ठेवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तुझं उलटं झालं रे. आपल्या घराचं आधी छप्पर गेलं. भिंती अजून उभ्या आहेत."

नमस्कार.